तुझा तो भरती नसलेला समुद्र

सुमे, इकडे ये जरा. समोर नको, बाजूला बस, गच्चीच्या कट्ट्यावर तुझ्या नेहमीच्या जागी. आणि आधी माझी बोलणी खा, बाकीचं मग. अगं, माणूस दोन दिवस गावाला निघालं तरी शेजारी सांगून जातं. कुंड्यांना पाणी घाल म्हणतं, दूधवाल्याला नको म्हणून सांग म्हणतं. तू मार्सेयला निघालीस तेव्हा महिनाभर माझं डोकं खाल्लंस. गयाताई, स्वेटर दोन घेऊ का तीन? गयाताई, विमानात बाथरूमची कडी अडकून बसली तर? आणि या खेपेला एवढ्या लांब गेलीस, तर मधल्या भिंतीवर एक थाप मारली नाहीस. चहा टाकला की दोन थापा, भांडण मिटवायचं असलं की एक. ती भिंत म्हणजे आपला फोनच होता. मारली असशील तर मी नव्हते बाई. मी पिंपळगावला लेकीकडे, तिच्या द्राक्षांच्या पेट्या भरताना बघत बसलेली. तुझी सून म्हणते, "मावशी, काही कळलंच नाही. पाणी मागितलं, दोन घोट घेतले आणि मान टाकली." शेवटचे घोट तिच्या हातचे घेतलेस. मला त्या पोरीचासुद्धा हेवा वाटला, खोटं कशाला बोलू.

पण हा हेवा काही तू गेल्यावरचा नाही. तो जुना आहे, आणि तो सुरू कुठे झाला हे तुला चांगलं ठाऊक आहे.

तुझ्या लेकीला, प्रज्ञाला तिकडे फ्रान्सात दिवस गेले आणि तुला बाळंतपणाला बोलावणं आलं. मी तुझ्यासोबत खारीक, डिंक, नागलीचं पीठ सगळं निवडून दिलं. तोपर्यंत मला काही वाटलं नव्हतं. वाटलं ते तू रिक्षात बसल्यावर. तोपर्यंत आपण कुठे एकेकट्या गेलो होतो गं? नागपूरला दीक्षाभूमीवर दोघी, बुद्धपौर्णिमेला त्रिरश्मी लेण्यांच्या पायऱ्या चढायला दोघी, दाढ काढायला दोघी. समुद्र पाहिला तोही दोघींनी मिळून, महिला मंडळाच्या सहलीत, डहाणूला. हात धरून घोट्याएवढ्या पाण्यात उभ्या राहिलो, ओहोटी लागली आणि माझी एक चप्पल गेली. तुझ्या दोन्ही राहिल्या. मी येताना अख्खा प्रवास एका पायात चप्पल घालून केला आणि तू खिडकीकडे तोंड करून हसत होतीस. मला दिसत होतं तुझं पोट हलताना.

तर असा माझा समुद्र एका चपलेचा. आणि तू तीन महिने समुद्राच्या काठावर राहून आलीस.

आल्यावर तू बोलायला लागलीस ते थांबेचनास. इथेच, या कट्ट्यावर. मार्सेय म्हणजे केवढं जुनं बंदर! अडीच हजार वर्षांपूर्वी ग्रीक लोक होड्या घेऊन आले आणि वसले. "गयाताई, ते ग्रीक म्हणजेच आपले यवन. आपल्या लेण्यांत यवनानं दान दिल्याचा लेख नाही का? तेच लोक." मी म्हटलं, तेच कशावरून? तुझ्या ओळखीचे होते का? तू सातवी शिकलेली, मी शाळेची पायरी न चढलेली. वाण्याच्या पुड्यांचे कागद वाचत वाचत वाचायला शिकले. पण अडवायला मला येत होतं.

तू मात्र अडत नव्हतीस. सकाळी बंदराच्या काठावर मासळीचे ओटे लागतात, मासे अजून उड्या मारत असतात. कोळणी अशा काही ओरडतात की आपल्या नाशिकच्या भद्रकालीच्या बाजारातल्या बायका परवडल्या. मागच्या जुन्या वस्तीत गल्ल्या एवढ्या चढाच्या आणि अरुंद, की या घरातून त्या घरात वाळत घातलेल्या चादरीखालून वाकून जायचं. टेकडीवर सोन्याच्या मूर्तीचं मोठं चर्च आणि आत छताला छोट्या छोट्या लाकडी होड्या टांगलेल्या. समुद्रातून जिवंत परत आलेल्या माणसांनी आणून लावलेल्या. शहराबाहेर बसने गेलं की पांढरे कडे, सरळ तुटलेले, आणि त्यांच्या कुशीत समुद्र असा आत घुसलेला, की वरून बघितलं तर निळीची बाटली सांडल्यासारखा. आणि पुढच्या गावाला डोंगरउतारावर द्राक्षं. ते ऐकून मी कान टवकारले. "पिंपळगावसारखे मांडव नाहीत गं," तू म्हणालीस, "झाडं गुडघ्याएवढी. आणि मळा संपला की समुद्रच. द्राक्षं खाऊन बी थुंकलं तर पाण्यात पडेल."

मी ऐकत होते आणि आतून जळत होते. नागलीचा पापड विस्तवावर धरल्यावर कडेकडेने काळा होत जातो ना, तशी. पण ते शहर, ते कडे, ती द्राक्षं, हे सगळं मी पचवलं असतं. मला पचली नाही ती झोहरा.

प्रत्येक गोष्टीत झोहरा. बंदरावर कोणी नेलं? झोहराने. होड्या कोणी दाखवल्या? झोहराने. कड्यांवर बसचं तिकीट कोणी काढलं? झोहराने. प्रज्ञाच्या समोरच्या घरात राहणारी विधवा बाई, तिचे आईबाप समुद्राच्या पलीकडून, अल्जेरियातून आलेले. आणि तुमची ओळख काय तर पापडांवरून! तिकडे एक थंड सुसाट वारा सुटतो, तो सुटला की तिथली माणसं कपडेसुद्धा आत घेतात. आणि आमच्या बाईसाहेबांनी ऊन छान पडलंय म्हणून त्याच दिवशी गॅलरीत उडदाचे पापड घातले वाळत. इथल्या गच्चीवर घालतो तसे, चादरीवर, कोपऱ्यांना चार वाट्या ठेवून. वाट्या राहिल्या जागेवर, पापड गेले. काही रस्त्यात, काही मोटारींच्या टपावर, बाकीचे झोहराच्या गॅलरीत. ती एक पापड हातात धरून दारात आली. तिला वाटलं, कसलीतरी नोटीस आहे. तू तो तिच्याच समोर गॅसवर भाजलास आणि तिला दिलास. झाली मैत्री.

हे सांगताना तू एवढी हसलीस की तुला ठसका लागला. मी तुला पाणी आणून दिलं. मी हसले नाही, हे तू पाहिलंस का गं? पाहिलंच असशील.

मी एकदा विचारलंही. "तुला तिची भाषा येत नाही, तिला तुझी येत नाही. मग तीन महिने बोलत काय होतात?"

"हातांनी."

"हातांनी काय बोलणार, भाकरी?"

"ती कुसकुस वळायची गं. रव्याला पाणी शिंपडायचं, तळहाताने फिरवून फिरवून बारीक दाणे करायचे आणि चादरीवर वाळवायचे. मी म्हटलं, बाई, हे तर आमच्या गव्हल्यांचंच भावंड. मग मी तिच्याजवळ बसून गव्हले वळले. नातवाच्या नामकरणाला खीर केली त्यांची."

तोंडाने बोलून बोलून माझा घसा बसला तुझ्याशी, आणि त्या बाईने हातांनी तुला तीन महिन्यांत बहीण केलं. प्रज्ञा तिला खाला म्हणते. खाला म्हणजे मावशी. मग इतकी वर्षं मी कोण होते, पाहुणी?

शेवटी मी तुला त्या समुद्रावरच पकडलं. तू म्हणालीस, तिथे भरती-ओहोटी नसते. नावाला वीतभर हलतं पाणी, बंदरातल्या होड्या सकाळी जिथे, संध्याकाळी तिथेच. मी म्हटलं, समुद्राला ओहोटी नाही? मग तू गंगापूर धरण बघून आलीस. तू म्हणालीस, "मी डोळ्यांनी पाहिलं." मी म्हटलं, "माझी चप्पल काय मांजराने नेली?" तू म्हणालीस, "तो समुद्र वेगळा, हा वेगळा." मी म्हटलं, "समुद्र सगळीकडे एकच." हे भांडण आपलं किती दिवस चाललं, आठव. भाजी निवडताना, दळण टाकून येताना, एकदा तर डॉक्टरांच्या बाहेर बाकावर. तू हट्टी. मी काय, तुझ्यापेक्षा हट्टी. आणि ते तसंच अर्धं टाकून तू निघून गेलीस. आता मी कोणाशी भांडू? माझा थोरला लगेच म्हणतो, "आई, तुझंच बरोबर." असल्या माणसाशी भांडण होतं का?

आता पुढचं ऐक, हे तुला माहीत नाही.

प्रज्ञा आली. पोराला कडेवर घेऊन, डोळे सुजलेले. तुझ्या जलदानविधीच्या दिवशी सगळी कॉलनी पांढऱ्या कपड्यांत तुमच्या दारात मांडवाखाली बसलेली. बाया आत भाजी चिरत होत्या. तेवढ्यात प्रज्ञाने बॅगेतून एक पत्र्याचा डबा काढला आणि माझ्या मांडीवर ठेवला. "गयामावशी, झोहराखालाने दिलाय. आईसाठी म्हणाली. आई गेल्याचं कळल्यावर दार लावून बसली आणि हे वळलं."

झाकण काढलं तर गव्हले.

कॉलनीतल्या चंद्रभागाबाईने हात तोंडावर नेला. "अगं माय! मयताला गव्हले? लगीन हाय का काय?"

"तिला काय ठाऊक," प्रज्ञा कळवळून म्हणाली. "आईने माझ्याकडून तिला सांगितलं होतं, आमच्याकडे घरात मोठं काही असलं की सगळ्या बाया बसून हे वळतात. तिला वाटलं, यापेक्षा मोठं काय असणार."

"पण असं कुठं असतंय का? लोक काय म्हणतील? आत ठेव बाई तो डबा, कोणाच्या नजरेला नको पडायला."

आणि खरं सांगू सुमे? मला बरं वाटलं. मनात म्हटलं, बघा, चुकली ना! बहीण म्हणवते आणि लग्नाचे गव्हले मयताला पाठवते. मी इतकी वर्षं शेजारी, माझ्याकडून झाली असती का ही चूक? "मी बघते काय करायचं ते," असं म्हणून डबा घेऊन मी सरळ माझ्या स्वयंपाकघरात आले. आणि का कोण जाणे, ताटात ओतून बघायला लागले. दोष काढायला. जाड असतील, वाकडे असतील, कुसकुससारखे गोल असतील.

तुला आठवतं, तू नवी नवरी होऊन आलीस तेव्हा तुला गव्हले येत नव्हते? रवा तिंबायचीस त्याची खळच व्हायची. मी तुला शेजारी बसवून शिकवलं. दोन बोटांत कण घ्यायचा, अंगठ्याने फिरवायचा, दोन्ही टोकं बारीक आली पाहिजेत. आणि वळून झाला की नखाने मधोमध एक चीर. खऱ्या गव्हाला असते तशी. ही माझ्या आईची रीत. विंचूरकडे आमच्या वस्तीवर तीच एकटी चीर पाडायची. तू टोकांपर्यंत शिकलीस, पण चीर कधी पाडली नाहीस. "गयाताई, दुधात शिजल्यावर कोण बघतंय तुझी चीर? तेवढ्या वेळात माझे मूठभर होतात." दर लग्नसराईत आपलं हे भांडण. तुझे बिनचिरीचे, माझे चिरीचे. ताटात एकत्र झाले तरी मला कळायचं, हा तुझा, हा माझा. मी तुझ्या हाताला आळशी म्हणायची, तू माझ्या नखाला रिकामटेकडं म्हणायचीस.

सुमे, त्या डब्यातल्या प्रत्येक गव्हल्याला चीर होती.

मी चष्मा पुसला. खिडकीपाशी गेले. एक उचलला, दुसरा उचलला. टोकं थोडी बोथट होती, पण चीर बरोबर मधोमध. माझी चीर. माझ्या आईची. इथे माझ्यासमोर बसून जन्मात पाडली नाहीस, आणि तिथे त्या बाईला हात धरून ती शिकवलीस? मग इथे का नाही गं पाडलीस? एकदा तरी माझ्या डोळ्यांसमोर? मला एवढा राग आला तुझा आणि एवढं रडू आलं की दोन्हींतलं आधी काय करावं कळेना. शेवटी दूध तापत ठेवलं.

हो, खीर केली. तुपावर भाजले, गूळ घातला, वेलची घातली. पातेलं उचलून मांडवात नेलं तर चंद्रभागाबाई आडवी. "गयाबाई, तुला लय झालंय का दुःख? ही लग्नाची खीर!" मी म्हटलं, "बुद्धपौर्णिमेला आपण खीर वाटतो ती काय लग्नाची असते? आणि सुमन माझी शेजारीण. तिच्या मांडवात काय वाढायचं ते मी ठरवीन." विधीला आलेल्या भंतेजींनी ऐकलं. आणि वाटी पुढे केली. मग सगळ्यांनीच खाल्ली. चंद्रभागाबाईने दोनदा घेतली, हे मुद्दाम सांगते.

संध्याकाळी प्रज्ञाने फोन लावला, चित्राचा. समोर झोहरा. मी आरशात बघून आले होते आधी, हसू नकोस. मला वाटलं होतं, उंच, गोरी, ओठ रंगवलेली बाई असेल. निघाली आपल्यासारखीच, डोक्याला रुमाल, गुडघ्यावर हात ठेवून बसलेली. माझ्याकडे टक लावून बघत राहिली आणि मग धबाधबा बोलायला लागली. चेहरा काही प्रेमाचा नव्हता.

"काय म्हणते?" मी प्रज्ञाला विचारलं.

प्रज्ञा रडता रडता हसायला लागली. "म्हणते, तूच का ती गाया? तुझं नाव ऐकून ऐकून मी कंटाळले होते, निम्मं हातांनी, निम्मं प्रज्ञाच्या तोंडून. सुमनला बंदर दाखवलं तर म्हणायची, गाया असती तर असं म्हणाली असती. कडे दाखवले तर म्हणायची, गायाला दाखवायला पाहिजेत. गव्हले नीट वळले तरी म्हणायची, अं हं, गायासारखी चीर नाही पडली, पुन्हा कर. म्हणते, तीन महिने माझ्या घरात आम्ही दोघी कधी नव्हतोच. आम्ही तिघी होतो."

इतके महिने मी तिच्यावर जळत होते, आणि ती बया तिकडे बसून माझ्यावर. खरं सांगते सुमे, इतकं छान मला कितीतरी दिवसांत वाटलं नव्हतं.

मग मी म्हटलं, हिला विचार, तुमच्या समुद्राला ओहोटी असते की नसते. तेवढं आज होऊनच जाऊ दे.

प्रज्ञाने विचारलं. झोहराने कपाळाला हात लावला. म्हणाली, सुमन मला सकाळी बंदरावर न्यायची, पाण्यालगतच्या दगडावर खडूने रेघ मारायची, आणि संध्याकाळी पुन्हा न्यायची बघायला. पाणी रेघेपाशीच. दुसऱ्या दिवशी पुन्हा. कोळणी हसायच्या तिला. मी म्हटलं, फोटो काढू आणि पाठवू तुझ्या गायाला. तर म्हणाली, फोटोवर ती विश्वास ठेवायची नाही. तिला इथे आणून, हात धरून उभी करीन, मगच मानेल.

हे तू मला सांगितलं नाहीस. अख्खा समुद्र सांगितलास, पापड सांगितले, होड्या सांगितल्या, आणि नेमकं तेवढं राखून ठेवलंस. का गं? आणीन तेव्हाच सांगीन म्हणून? ठेवणीतल्या लुगड्यासारखं? आता मला ते तिच्याकडून ऐकावं लागलं. म्हणजे तेवढ्यापुरती ती पुन्हा माझ्या पुढेच.

बरं, जा, जिंकलीस. नाही त्या समुद्राला ओहोटी. तोंड भरून सांगते. पण तू असताना मानलं नसतं, हेही खरं.

फोन ठेवताना मला काय बुद्धी झाली, मी तिला बोलावून बसले. म्हटलं, थंडीत या नाशिकला. द्राक्षं सुरू होतात तेव्हा. पिंपळगावला मांडव दाखवीन, लेणी दाखवीन, ओहोटी बघायला डहाणूला नेईन. चप्पल जुनी घालून या. ती लगेच हो म्हणाली! मला वाटलं होतं, आढेवेढे घेईल. आता ती येणार, या गच्चीवर बसणार, आणि कुठे बसणार, तर तुझ्याच जागेवर. मी बोलावलं तिला, आणि तेव्हापासून माझं पोट दुखतंय.

म्हणून सांगते, नीट ऐक. भंतेजी म्हणाले, गेलेलं माणूस असं येत-जात नसतं. मी मान हलवली. पण भंतेजींना कुठे शेजारीण होती? तू ये. दुपारी ये, जेवणं उरकून कॉलनी निजते तेव्हा. भिंतीवर दोन थापा मार, मी चहा टाकते. रवा तिंबून ठेवलाय, परात काढून ठेवलीय. तू बिनचिरीचेच वळ, मी एक शब्द बोलणार नाही. फक्त थंडीच्या आत ये. तिच्या आधी ये, सुमे.